सुतकातली सुपारी

१

सुतक फिटलं त्या सकाळी संयोगिता खराड्यांनी घरभर गोमूत्र शिंपडलं, देवघराचं दार उघडलं आणि दिवा लावायला वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. मी बाहेर चपला काढत होते.

"अहो," त्यांनी नवऱ्याला, अमरसिंहांना, हाक मारली, "मूळ पुरुष नाहीत."

दुसऱ्या कुठल्या घरात हे वाक्य ऐकून मला हसू आलं असतं. पण कोल्हापूरच्या रुईकर कॉलनीतल्या त्या बंगल्यात गेले काही महिने त्याच मूळ पुरुषापायी माझं येणंजाणं होतं. खराड्यांच्या देव्हाऱ्यात पूर्वजांचे चांदीचे टाक ओळीनं मांडलेले असतात. बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली आकृती. मधला टाक सगळ्यांत जुना. हळदीकुंकवाची इतकी पुटं चढलेली, की त्यावर काय आहे ते कुणाला दिसत नसे. देवाला नख लावायचं नाही म्हणून कुणी खरवडलंही नव्हतं. घोड्यावर बसलेला तलवारधारी मूळ पुरुष आहे, असं सगळे सांगत आणि सगळे मानत.

तो टाक नव्हता. पण जागा रिकामीही नव्हती. तिथं चिमूटभर तांदळावर एक सुपारी ठेवली होती आणि तिला हळदकुंकू वाहिलेलं होतं.

टाक उजळायला नेला, हरवला किंवा एखाद्या गेलेल्या माणसाचा अजून घडवलाच नसला, तर त्याच्या नावानं सुपारी मांडतात. देव्हाऱ्यात जागा मोकळी ठेवत नाहीत. म्हणजे ज्यानं चोरी केली, त्यानं चोरीनंतर पूजाही केली होती. असला चोर मी तरी पाहिला नव्हता.

माझं नाव मधुवंती आजरेकर. कॉलेजात इतिहास शिकवत होते, आता निवृत्त झाल्यावर घराण्यांच्या वंशावळी हुडकून देते. पैसा झाला की माणसाला आधी मोठी गाडी लागते, मग फार्महाऊस लागतं आणि शेवटी पूर्वज लागतात. अमरसिंह खराड्यांची कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फौंड्री आहे. गाडी आणि फार्महाऊस झालं होतं.

त्यांचं मूळ गाव आडशिवे, दूधगंगेपलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. एके काळी ती दोन राज्यांमधली ओसाड पट्टी होती. आज एक फौज जाळायची, उद्या दुसरी. तिथं राहायला कुणी धजत नव्हतं. त्या रानात पहिली चूल पेटली ती खराड्यांची. म्हणून यात्रेला देवाला पहिला नैवेद्य खराड्यांच्या थोरल्या पातीचा, म्हणजे अमरसिंहांच्या शाखेचा, आणि तो दाखवताना मूळ पुरुषाचा टाक हातात लागतो. टाक ज्याच्या हातात, मान त्याचा. यात्रा आता तोंडावर आली होती. त्याच दिवशी गावात काळ्या ग्रॅनाइटवर कोरलेल्या वंशवृक्षाचं उद्घाटन होतं, आणि तो वृक्ष मी तयार करून दिला होता.

"पोलिसांत जायचं न्हाय," अमरसिंह म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "गावात बोंब झाली तर मान गेला. बाई, तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या मागं जाऊन माणसं हुडकता. सुतकात घरात कोण आलं-गेलं, तेवढं हुडका की."

२

गावात भावकीतले थोरले आकाराम खराडे वारले, त्या संध्याकाळी फोन आला तेव्हा संयोगिताबाईंनी नुकताच दिवा लावला होता. टाक जागेवर होता. त्यांनी देवघराचं दार लोटलं, ते आज उघडलं. मधल्या दिवसांत घरात चार माणसं होती: नवरा-बायको, त्यांची लेक निशिगंधा आणि अमरसिंहांची आत्या. आत्याबाईंचं खरं नाव आता कुणाला आठवत नाही, घरादाराला त्या आक्का. बाहेरून दोघं येऊन गेले. गुजरीतला सोनार गुरुप्रसाद आणि धाकट्या पातीचा विजयसिंह.

मी आधी निशिगंधाला गाठलं. पुण्याहून शिकून आलेली, तोंडाची फटकळ, पण मला आवडायची. तिनं एकदा बापाला जेवताना सरळ विचारलं होतं, "दगडावर एक पण बाई न्हाय. सगळे बाप्ये काय झाडाला लागलेलं काय?"

"टाक तू घेतलास का?" मी विचारलं.

"मी कशाला चोरतो?" कोल्हापूरच्या पोरींसारखी ती स्वतःबद्दल चोरतो-जातोच म्हणायची. "मला काय करायचाय तो? आणि काकू, मी घेतला असता तर सुपारी ठेवत बसलो असतो काय? मी सुतकच मानत न्हाय."

हे खरं होतं. सुतकात तिनं बाहेर जाऊन पिझ्झा खाल्ला होता आणि आईशी भांडणही केलं होतं.

तिच्या मोबाईलवर आडशिव्याच्या हेळव्याचं रेकॉर्डिंग होतं. हेळवी म्हणजे घराण्यांच्या पिढ्या तोंडपाठ म्हणणारा. पूर्वी बैलावरून यायचा, हा केरबा मोटरसायकलवरून आला होता. त्याच्या म्हणण्यावरूनच मी अर्धी वंशावळ जुळवली होती. तिनं ते सहज लावलं. केरबा सुरात म्हणत होता, "दोघं भाव, दूधगंगा उतरली, एक कडंवर, एक बोटाला..." त्या दोघा भावांपासून थोरली आणि धाकटी पाती फुटली, एवढंच मी तेव्हा त्यातून घेतलं होतं. आताही तेवढंच घेतलं.

आक्का आपल्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, पायात जोडवी. हृदय थकलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बोलताना त्यांनी पदर छातीशी घट्ट धरला होता. मला वाटलं, दुखत असेल.

"टाक कुठं गेला असेल, आक्का?"

"गेला असंल न्हवं कुठंतरी," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं बसून बसून कट्टाळा आला असंल."

म्हातारपणी माणूस असं काहीबाही बोलतं, असं मनाशी म्हणून मी उठले.

३

गुजरीतल्या दुकानात गुरुप्रसादनं मला चहा पाजला आणि मेणाचा साचा दाखवला. घोडा, तलवार, फेटा आणि झुबकेदार मिशा.

"मिशा साहेबांनी सांगितल्या," तो म्हणाला. "नवा टाक यात्रेसाठी करायला दिलाय मॅडम. वहिनींना तो जुना काळाकुट्ट बघवत नव्हता."

"आणि जुन्याचं काय?"

"सुतक फिटलं की माझ्याकडंच यायचा होता. आधी स्वच्छ करायचा आणि मग आटवून त्याची चांदी नव्यात घालायची. हे सगळं मी त्यांच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. मला तो हातात मिळणारच होता, चोरू कशाला?"

मी उठले. निघताना तो म्हणाला, "एक गंमत सांगतो. जुन्यावरचा घोडा डावीकडं बघतोय का उजवीकडं, हे त्या घरात एकालाही सांगता येईना. म्हणून आक्कांना विचारलं, तर त्या उठून आत निघून गेल्या."

मला त्यात गंमत वाटली नाही. गुजरीत मळभ दाटलं होतं, दुकानांत भर दुपारी दिवे लागले होते आणि माझा एक संशयित हातचा गेला होता. उरला विजयसिंह. त्याच्यावर तर अमरसिंहांचा पहिल्यापासून संशय होता.

४

विजयसिंहाचे यंत्रमाग कबनूरला. मागांच्या खडखडाटात तो माझ्याशी बोलत नव्हता, ओरडत होता.

"मान मला पायजे! उघड बोलतोय की! थोरली पाती ऱ्हाती कोल्हापुरात, एसीत. वर्सातनं एकदा यायचं, नैवेद्य दावायचा आन् गाडीत बसून जायाचं. गावात मयतीला, पालखीला खांदा आम्ही द्यायचा. मान मात्र त्यांचा!"

"म्हणून टाक उचललात?"

त्यानं माग बंद करायला लावला. एकाएकी शांतता झाली आणि त्याचा आवाजही खाली आला.

"कवा गेला टाक?"

"सुतकात."

"मग माझ्याकडं बघू नका. आवो बाई, चोर म्हणा, पचवतो. पर सुतकात देवाला हात लावला म्हणू नका. आकारामतात्याला खांदा दिलेला माणूस हाय मी. माझ्या घरात ल्हान पोरं हाईत." त्यानं खरोखर कानाला हात लावला. "दोन्ही पाती सुतकात. खराड्यांतला कुणी बी असलं धाडस करायचा न्हाय. इटाळ कालवून आणलेला देव मांडायचा कुठं?"

कोल्हापूरकडं परतताना बसमध्ये मी स्वतःवरच चिडले होते. कोडं सोपं दिसत होतं आणि सुटत नव्हतं. सुतक मानणारा सुतकात देवाला शिवणार नाही. सुतक न मानणारा देवाला शिवेल, पण मग तो सुपारी मांडून हळदकुंकू वाहात बसणार नाही. चोरानं दोन्ही केलं होतं. म्हणजे चोर देव मानणारा हवा आणि त्याला सुतक लागलेलं नको. तो खराडे नको. पण खराडे नसलेला एकच माणूस त्या घरात येऊन गेला होता, आणि त्या सोनाराला चोरायची गरजच नव्हती.

५

दुसऱ्या दिवशी ग्रॅनाइट कोरणाऱ्याला मजकूर द्यायचा होता. जेवणाच्या टेबलावर वंशवृक्ष पसरून अमरसिंह शेवटचं वाचत होते. टाकाविना यात्रा कशी करायची ते त्यांना कळत नव्हतं, तरी दगडाचं काम थांबवायला ते तयार नव्हते. निशिगंधा मागं येऊन उभी राहिली.

"बाबा, आक्का कुठाय ह्यात?"

"लेकी लिहीत न्हाईत गं," अमरसिंह वर न बघता म्हणाले. "लगीन झालं की ती दुसऱ्या घरची."

आतल्या खोलीतून फरशीवर जोडव्यांचा आवाज आला. आक्का पाणी प्यायला उठल्या असाव्यात. तो आवाज मी कितीतरी दिवस ऐकत होते. ते कुंकू, त्या बांगड्या, सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मी म्हातारीचा जुना शौक समजत होते.

"संयोगिताबाई," मी विचारलं, "आकाराम गेले तेव्हा आक्कांना सुतक होतं?"

"आक्कांना?" त्या चहाचे कप ठेवता ठेवता थांबल्या. "त्यांना कसलं सुतक? त्या तर..."

 त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. अमरसिंहांनी हातातला कागद खाली ठेवला.

सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे विसरले होते. आक्कांचं लग्न झालं होतं. हद्दीपलीकडच्या कुठल्याशा गावी त्या नांदायला गेल्या, नवऱ्यानं दुसरी आणली आणि विशीच्या आतच त्या परत आल्या. त्यानंतर उभा जन्म याच घरात गेला. अमरसिंहांना त्यांनीच न्हाऊमाखू घातलं, त्यांची आई गेल्यावर त्यांनीच वाढवलं. घराला त्या खराडेच वाटायच्या. पण भावकीच्या रिवाजानं त्या खराडे नव्हत्या. अख्ख्या सुतकात, दोन्ही पातींत मिळून, त्या देव्हाऱ्याला शिवायची मोकळीक फक्त त्यांना होती.

६

मी एकटीच आत गेले. पण दार लावलं नाही.

"आक्का, टाक तुमच्याजवळ आहे."

त्यांनी नाकारलं नाही. पदर बाजूला केला. गळ्यात काळ्या दोऱ्यात एक कापडी पिशवी होती.

"तो सोनार आटवणार व्हता," त्या म्हणाल्या. "मिशा लावणार व्हता तिला."

"तिला?"

त्यांनी पिशवी उघडली. मूठभर तांदळातून टाक निघाला. चिंच लावून घासून लख्ख केलेला. त्यावर घोडा नव्हता, तलवार नव्हती. एक बाई उभी होती. डोक्यावर गाडगं, कडेवर एक मूल, दुसरं तिच्या बोटाला धरून. 'एक कडंवर, एक बोटाला' असं केरबा माझ्या कानात ओरडून सांगत होता आणि मला ते ऐकू आलं नव्हतं. मूल कडेवर घेऊन कुणी घोड्यावर तलवार चालवत नाही. मी दोघा भावांची नावं टिपली आणि त्यांना नदी कुणी उतरवली, हे विचारलंसुद्धा नाही. इतकी वर्षं इतिहास शिकवल्याची मला लाज वाटली.

"परत आले त्या वर्साला आईनं मला देव घासाय बसवलं," आक्का सांगू लागल्या. "खाणारं तोंड वाढलं, तर काम तरी करू दे म्हणून. चिच लावली आन् ही दिसली. नवऱ्यानं सोडलेली का रांडव, कुणास ठावं. पर एकली आल्ती, पोरं घिऊन. गाडग्यात इस्तू असंल. पैली चूल काय घोड्यावरचा बाप्या मांडतोय व्हय?"

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणाला सांगू? पुन्ना कुकू लावून झाकून टाकली. आपल्यागत एक बाई देव्हाऱ्यात बसलीया, तेवढं मला बास व्हतं. रोज बोलायची मी तिच्यासंगट."

"पण सुतकात..."

"मला कुठलं सुतक?" त्या म्हणाल्या. "दादा गेला, ह्या अमरचा बाप, माझा सख्खा भाव. तवा म्या भटजीस्नी इचारलं. ते म्हणलं, तुमाला आंघुळ केली की संपलं. सगळं घर सुतकात बसलं आन् म्या एकली सैपाक करून घालत व्हते. आकाराम गेला तवा बी रडू आलं. रडू येतंय, सुतक येत न्हाय."

दारात अमरसिंह उभे होते. कधी आले मला कळलं नाही. ते पुढं आले आणि त्यांनी टाक हातात घेऊन उजेडात धरला.

"घोडं कुठाय?" त्यांनी विचारलं. फौंड्रीत ज्याच्यापुढं माणसं चळचळ कापतात तो हा माणूस, पण आवाज लहान पोराचा होता.

"पायी आल्ती," आक्का म्हणाल्या.

 मग आक्कांनी हात पुढं करून टाक मागितला.

"अमर, म्या मेल्यावर माझी सुपारी कोण मांडनार रं? हितं मी दुसऱ्या घरची. तिथं तर मी न्हाईच. तो जिता हाय का मेला, ते बी कुणी कळवलं न्हाय. उगं कुकू लावत बसलीया मी."

मला वाटलं, आता तरी हा माणूस काहीतरी बोलेल. अमरसिंहांनी टाक त्यांच्या हातात ठेवला आणि ते बाहेर निघून गेले. मला त्यांचा संताप आला. त्यांच्या घरचा चहासुद्धा मी त्या दिवशी प्यायले नाही.

७

यात्रेच्या आधीच आक्का गेल्या. सकाळी संयोगिताबाई चहा घेऊन गेल्या, तेव्हा त्या भिंतीकडं तोंड करून निजल्या होत्या. पिशवी गळ्यातच होती.

पंचगंगेवर माणसं थोडीच होती. अग्नी द्यायच्या वेळी गुरुजींनी विचारलं, सासरकडचं कुणी आहे का? कुणी नव्हतं. अमरसिंह पुढं झाले. पिशवी त्यांनी आधीच काढून आपल्या खिशात ठेवली होती. निशिगंधा तोंडात रुमाल कोंबून रडत होती आणि तिला कुणी गप्प करत नव्हतं. आभाळ दिवसभर तसंच काळवंडलेलं होतं.

यात्रेच्या आदल्या दिवशी मला अमरसिंहांचा फोन आला, जरा घरी या म्हणून. मला जायचं नव्हतं, पण गेले. ते हॉलमध्ये घोंगड्यावर बसले होते. दाढी वाढलेली, अंगात साधी बंडी. मी बसते न बसते तोच त्यांचा मोबाईल वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"दादा, विजू बोलतोय," पलीकडून मागांचा खडखडाट ऐकू येत होता. "कवा येताय? पंच इचारत्यात. आत्तीचं सुतक भावकीला न्हाय, आंघुळ झाली की संपलं. टाक घावला म्हणं. घिऊन या."

"मला सुतक हाय," अमरसिंह म्हणाले.

"आवो कसलं सुतक?"

"दहा दिसाचं. आई गेल्यावर असतंय ते."

पलीकडं नुसते माग ऐकू येत राहिले.

"दादा, मग मान?"

"तू घे."

"टाकाबिगार?"

"सुपारी मांड आन् दाखव नैवेद्य. दरवर्षी तूच दाखव."

फोन बंद झाला. ज्या मानासाठी या माणसानं मला कामाला लावलं, दगड कोरायला घेतला, पूर्वजाला मिशा लावायला निघाला, तो मान त्यानं घोंगड्यावर बसून देऊन टाकला होता. माझा राग कुठं गेला मला समजलं नाही. पण आनंदही झाला नाही. ज्या म्हातारीला हे ऐकायला हवं होतं, तिची राख नदीत गेली होती.

"दगड थांबवलाय," ते म्हणाले. "पहिलं नाव काय घालायचं? त्या टाकावरच्या बाईचं नाव कुणालाच ठावं न्हाय."

"मलाही नाही," मी म्हणाले. "आणि आता सापडणारही नाही." वंशावळ हुडकणाऱ्या बाईला हे कबूल करणं जड गेलं.

ते उठले आणि देवघराच्या दाराशी गेले. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. खिशातून पिशवी काढून माझ्यापुढं धरली.

"आम्हाला कुणालाच देव्हाऱ्याला शिवता येत न्हाय, बाई. ह्या घरात सुतक नसलेल्या तुम्हीच. तेवढं मांडा."

मी आत गेले. टाकांच्या ओळीत मधोमध आक्कांनी मांडलेली सुपारी अजून होती, कुंकू वाळून काळं पडलेलं. जागा मोकळी ठेवायची नाही म्हणून ती कुणी उचलली नव्हती. टाक ठेवायला मी ती उचलू लागले.

"काढू नका," मागून अमरसिंह म्हणाले.  "जरा बाजूला सरकवा फक्त. ऱ्हाऊ दे तिथंच."

मी सुपारी थोडी सरकवली आणि मुलं घेऊन उभ्या असलेल्या त्या बाईला तिच्या शेजारी ठेवलं. मग दोघींना कुंकू लावलं आणि दिवा लावून बाहेर आले.